आत्याचा गुडघा आणि धुरकटकाकांच्या मुंग्या

आत्याचा डावा गुडघा बरा झाला. बातमी आनंदाची होती, म्हणून तिने ती कुणालाच सांगितली नाही.

हे कळायला आधी वीटभट्टी कळायला हवी. कच्ची वीट ही फार नाजूक मिजाशीची वस्तू. साच्यातून काढून पटांगणात मांडली की तिला ऊन हवं, वारा हवा आणि कुणाचं बोट नको. भट्टीत भाजून निघेपर्यंत ती वीट नसतेच, चांगल्या कपड्यांतला चिखल असतो. पावसाची सर आली की कपडे उतरतात. बरं, भीतीपोटी ताडपत्री टाकून ठेवावी, तर आतल्या आत विटांना घाम फुटतो, कोपरे ढासळतात आणि वाळवण मागे पडतं. शिवाय ताडपत्र्या ओढायच्या म्हणजे सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं. झाकलं तरी नुकसान, उघडं टाकलं तरी नुकसान. यातलं आज कुठलं पत्करायचं, एवढंच काय ते रोज सकाळी ठरवायचं.

आणि ते ठरवायचा मान आत्याच्या गुडघ्याकडे होता.

आत्या म्हणजे भट्टीच्या मालकाची सख्खी आत्या, पण तिला आत्या सगळेच म्हणत. मालकाच्या घरात एक खोली आणि भट्टीच्या पत्र्याच्या शेडखाली एक खुर्ची, एवढा तिचा पसारा. सकाळी सगळे चहाचे कप घेऊन त्या खुर्चीभोवती जमत. आत्या डोळे मिटून गुडघ्यावर हात फिरवी. कुणी शिंकलं तरी त्याच्याकडे लोक रागाने बघत. मग निकाल लागे. गुडघा "गप्प आहे" म्हणजे सगळं उघडं ठेवा. "कुरकुरतोय" म्हणजे ताडपत्र्या उशाशी काढून ठेवा. आणि "ठणकतोय" म्हणजे कप खाली ठेवा आणि पळा.

मालकाच्या फोनमध्येही हवामान होतं. पण फोनचा स्वभाव कोर्टातल्या साक्षीदारासारखा, कशातही पुरतं अडकायचं नाही.

"चाळीस टक्के शक्यता म्हणतोय," मालक एकदा म्हणाला होता.

"म्हणजे चाळीस टक्के विटा झाकायच्या का?" साचेवालीने विचारलं होतं. ती भट्टीवरची सगळ्यात जुनी वीट पाडणारी. तिचे हात जितके भराभर चालत, त्याहून जीभ जास्त. "आणि कुठल्या, ते सांगतो का तुमचा फोन?"

गुडघा असा आडवळणाने बोलत नसे. तो नेहमीच बरोबर येई असं मात्र नव्हे. पण लोकांची जमाखर्च लिहायची एक खास पद्धत असते. गुडघा ठणकला आणि पाऊस आला, की तो गुडघ्याच्या नावावर जमा. ठणकला आणि आला नाही, तर "पलीकडे कुठंतरी धो-धो पडला असणार" म्हणून तोही गुडघ्याच्याच नावावर. आणि गुडघा गप्प असताना पडला, तर तो पाऊसच नव्हे, नुसता शिडकावा. अशी वही ठेवली तर माझंही डोकं विद्वानाचं ठरेल.

गडबड केली ती सूनबाईने. मालकाची बायको चांगल्या मनाची होती, आणि चांगल्या मनाच्या माणसांना दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही. ती आत्याला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने सुया दिल्या, पट्टा दिला, आणि पलंगावर पडून पाय वर उचलायचा व्यायाम दिला. आत्याने तो मन लावून केला, कारण डॉक्टर दिसायला बरा होता आणि "शाब्बास" म्हणत होता. काही दिवसांनी गुडघा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी आभाळ काळं असतानाही गप्प. त्या दिवशी आत्याने सवयीने "गप्प आहे" असं जाहीर केलं, आणि दुपारी सर येऊन गेली.

"शिडकावा हो," सगळे म्हणाले.

पण आत्याला कळलं. गुडघा आता ऊन बघणार नव्हता, पाऊस बघणार नव्हता, म्हातारपणीच्या साधूसारखा कायमचा मौनात गेला होता. आणि तो गेला तर खुर्ची गेली. गुडघा दुखायला लागण्याआधी या भट्टीवर तिला लोक एकच वाक्य म्हणत असत: "आत्या, जरा बाजूला व्हा." ते वाक्य तिला चांगलं आठवत होतं. आता रोज सकाळी मालक मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहायचा. लहानपणी हाच पोरगा तिच्या हातून औषध घेत नसे.

म्हणून तिने लंगडणं चालू ठेवलं. आणि गुडघ्याच्या जागी दुसरी नोकरमंडळी शोधायला लागली.

भट्टीवर पावसाच्या खुणा सांगणारा दुसरा माणूसही होता. भट्टीला आग घालणारा. जन्मभर धुरात उभं राहून त्याचा चेहरा, कपडे आणि आवाज एकाच रंगाचे झाले होते, म्हणून त्याला सगळे धुरकटकाका म्हणत. त्याचं शास्त्र वेगळं. मुंग्या अंडी तोंडात धरून उंचावर निघाल्या, की पाऊस. पाकोळ्या जमिनीला घासून उडायला लागल्या, की पाऊस. चिमण्या धुळीत लोळल्या, मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, चंद्राला खळं पडलं, भट्टीचा धूर सरळ वर न जाता खाली बसला, की पाऊस. हे सगळं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि कुणी ऐकत नव्हतं. कारण त्याच्याकडे खुणा फार होत्या. माणसाला एकच देव बरा वाटतो, आणि त्यातही तो बसायला खुर्ची असलेला.

एका सकाळी, अजून कुणी आलेलं नसताना, धुरकटकाका भट्टीमागच्या वारुळाकडे गेला. तिथे आत्या आधीच बसलेली. उकिडवी. दोन्ही गुडघे कानांशी, नाक मुंग्यांच्या रांगेशी.

"वा!" तो म्हणाला.

आत्या इतक्या चपळाईने उठली की उरलासुरला पुरावाही तिनेच दिला. मग आठवलं तशी कळवळली. "आई गं!"

"राहू द्या, आत्याबाई. उशीर झाला. ज्याचा गुडघा दुखतो तो असा बेडकासारखा बसत नाही."

"पडलं होतं काहीतरी. ते शोधत होते."

"माझ्या मुंग्यांत?"

"तुमच्या कधीपासून झाल्या? शिक्का मारलाय का त्यांच्यावर?"

"वीस वर्षं मी यांच्याकडे बघतोय. लोक हसतात मला. आणि तुम्ही चोरून बघायचं, आणि खुर्चीत बसून गुडघ्याच्या नावावर खपवायचं? गुडघा तुमचा, मुंग्या माझ्या. काल त्या पाकोळ्यांचंही तुम्हीच उचललंत ना? मला वाटलंच, गुडघा अचानक इतका बारकाईने कसा बोलायला लागला. 'संध्याकाळच्या सुमाराला पश्चिमेकडून कुरकुरतोय' म्हणे!"

मग चोरीत पकडलेला हुशार माणूस जे करतो तेच आत्याने केलं. भागीदारी देऊ केली.

"तुम्ही सांगता तर कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "मी सांगते तर ऐकतात. पण मला आता सांगायला काही उरलं नाही. खरं की नाही?"

"खरं."

"मग माल तुमचा, दुकान माझं."

"आणि माझं नाव?"

"नाव काय करायचंय? विटा वाचतायत ना?"

"नाव पाहिजे," धुरकटकाका म्हणाला. "थोडं तरी."

शेवटी ठरलं असं की आत्याने अधूनमधून म्हणायचं, "माझ्या गुडघ्याला आणि धुरकटांच्या मुंग्यांना आज एकच वाटतंय." धुरकटकाका एवढ्यावर खूश. माणूस मानासाठी किती स्वस्तात विकला जातो, याचा दर त्या दिवशी वारुळापाशी निघाला.

ही कंपनी झकास चालली. सकाळी खुणा बघून काका शेडमागून खाकरायचा. एक खाकरणं म्हणजे गप्प, दोन म्हणजे कुरकुर. सततचा खोकला म्हणजे ठणका. भट्टीवर आत्याची पत वाढली आणि काकाला खोकल्याचं औषध आणून देण्यात आलं. सूनबाईला तेवढं कळेना, की डॉक्टरकडे "शाब्बास" मिळवणारा गुडघा घरी येऊन इतका का कण्हतो. "पुन्हा जाऊ या दाखवायला," ती म्हणे. आत्या म्हणे, "नको, येतं-जातं दुखणं आहे. जाऊ दे."

मग आली ती नव्या शाळेच्या इमारतीची ऑर्डर. मालकाने आजवर घेतलेली सगळ्यात मोठी. पटांगण कडेपर्यंत भरलं, पायवाटेवरही विटा मांडल्या. बायाबापड्या चवड्यांवर चालायला लागल्या. ही विटांची खेप वाळून भट्टीत चढली तर भट्टीचं नाव होणार, आणि चिखल झाली तर शाळावाले दुसरीकडे जाणार, हे मालक जेवतानाही बोलत होता.

त्या सकाळी हवा कशी, काचेसारखी. मुंग्या आपल्या घरी. पाकोळ्या उंच, ठिपक्याएवढ्या. धूर काठीसारखा सरळ वर. काका एकदाच खाकरला.

"गप्प आहे," आत्या म्हणाली. "अगदी झोपलाय."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मालकाने फोन बघितलासुद्धा नाही. मागच्या थप्प्यांवरच्या सोडून बाकी ताडपत्र्या घडी करून ठेवल्या, आणि तो सगळ्यांना घेऊन पटांगणाच्या पार टोकाला, माती काढायच्या खड्ड्याकडे गेला. तिथे उद्याचा चिखल मळायचा होता. सूनबाईही मदतीला गेली. इकडे उरले भट्टीच्या माथ्यावर कोळसा टाकणारा धुरकटकाका आणि खुर्चीत डुलकी घेणारी आत्या.

दुपारी आत्याला ठसका लागून जाग आली. शेडमध्ये धूर भरला होता. तिने डोळे चोळले. भट्टीतून निघालेला धूर वर न जाता कडेवरून ओघळत होता, मांजरासारखा जमिनीला पोट घासत शेडपर्यंत आला होता. पाकोळ्या तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून सूं करून गेल्या. आणि वारुळापासून शेडच्या खांबापर्यंत काळी रांग लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा ठिपका.

"आत्याबाई!" वरून काका ओरडला. "बघितलंत का?"

"बघितलं! सकाळी काय झोपा काढत होत्या का तुमच्या मुंग्या?"

"भांडण नंतर! त्यांना सांगा, झाका म्हणावं!"

"तुम्हीच ओरडा की!"

"वारा उलटा आहे, माझा आवाज मलाच ऐकू येतोय. आणि मला ही आगीची तोंडं बंद करायची आहेत, नाहीतर पाणी आत जाऊन भट्टी फुटेल. तुम्ही जा!"

आत्याने टोकाकडे बघितलं. माणसं बोटाएवढी दिसत होती. लंगडत गेली, तर ती तिथे पोचेल तोवर पाऊस येऊन, आवरून, घरीही गेला असता.

"काका, मी पळाले तर सगळे बघतील."

"बघतील."

"मग उद्या मला कोण विचारणार?"

धुरकटकाकाने फावड्याने एका तोंडावर झाकण ओढलं. "ते मला नाही माहीत, आत्याबाई," तो म्हणाला. "पण विटा तुमच्या भाच्याच्या आहेत."

आत्याने चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि धावली.

विटांच्या रांगांमधून ती अशी धावली की एकीलाही धक्का लागला नाही. वळणावर उडी, पाण्याच्या नळीवरून उडी. खड्ड्यापाशी साचेवालीने सहज मान वर केली आणि तिच्या हातातला चिखल खाली पडला.

"अहो मालक! आत्या!"

"काय झालं आत्याला?"

"पळतायत!"

सगळे उठून उभे राहिले. आत्या पळत होती, हात हवेत, चपला हवेत, तोंड उघडं. वारा तिच्या तोंडातले शब्द मागे भट्टीकडे नेत होता.

आता दुसऱ्या कुठल्या माणसांनी म्हटलं असतं, म्हातारी पळतेय म्हणजे काहीतरी संकट आहे. पण ही माणसं वर्षानुवर्षं एकच शास्त्र शिकलेली. गुडघा दुखला तर पाऊस, नाही दुखला तर कोरडं. आणि इथे तर गुडघा उड्या मारत होता.

"गुडघा एवढा गप्प कधीच नव्हता!" मालक हरखून म्हणाला. "आता काय, महिनाभर पाऊस नाही! त्या मागच्या थप्प्यांवरच्या ताडपत्र्याही काढा रे! सगळं उघडं करा!"

आणि आत्याच्या डोळ्यांदेखत, ती जितकी जवळ येत होती तितक्या उत्साहाने, माणसं झाकलेल्या विटाही उघड्या करायला लागली. तिने चपला हलवल्या. त्यांनी आनंदाने हात हलवले. तिने मुठी आवळल्या. साचेवालीने टाळ्या वाजवल्या.

"झा...का!" आत्या पोचली ती धापा टाकत. "झाका, मेल्यांनो!"

"झाकायचं? पण आत्या, तुझा गुडघा..." मालक म्हणाला.

"गुडघा गेला खड्ड्यात! बरा झालाय तो! कधीचाच! दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही त्याला, ठोंब्या झालाय नुसता! पाऊस येतोय!"

कुणी हललं नाही. अडचण रास्त होती. गुडघा बरा असेल, तर पाऊस येतोय हे आत्याला कसं कळणार? आणि पाऊस येत असेल, तर गुडघा बरा कसा असेल?

"मग इतके दिवस सकाळी ते काय होतं?" साचेवालीने विचारलं.

"नाटक होतं."

"कण्हणं?"

"तेही."

"अगं बाई! पाणी गरम करून द्यायचे मी शेकायला!"

"छान वाटायचं त्याने," आत्या म्हणाली. "धूर बघा, धूर! जमिनीवर आलाय. पाकोळ्या बघा! आणि धुरकटांच्या मुंग्या अंडी घेऊन शेडवर चढल्यात."

सगळ्यांनी मालकाकडे बघितलं. मालकाने फोन काढला. फोन म्हणाला, पन्नास टक्के.

तेवढ्यात सूनबाईने ताडपत्रीचं टोक उचललं. "बरा झालाय, हे मला तेवढं नंतर विचारायचंय," ती आत्याकडे रोखून बघत म्हणाली. "आता सांगा, आत्याबाई. कुठली रांग आधी?"

आत्याला उत्तर द्यायला वेळच लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी गुडघ्याला वळसा घालून थेट विचारलं होतं.

"खालच्या अंगाच्या आधी! पाणी तिकडेच वाहतं. थप्प्या नंतर, त्या निम्म्या वाळल्यात. कोपऱ्यांवर दगड ठेवा, वारा उचलेल. आणि तू," ती मालकावर खेकसली, "फोन ठेव खिशात आणि दुसरं टोक धर!"

मग मात्र पळापळ झाली. पहिले थेंब शेवटच्या ताडपत्रीवरच वाजले. वरच्या कडेची एक रांग राहिली, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोल गोल होत गेली, आधी पाव, मग लाडू, मग नुसतंच पाणी. बाकी सगळं वाचलं. शेडखाली गर्दी करून ओली माणसं आत्याकडे बघत होती. आत्या खुर्चीत बसली नाही. उभी राहिली, दोन्ही पायांवर, एखाद्या आरोपीसारखी.

"धावता मस्त," साचेवाली अखेर म्हणाली. "माझी पोरगी शर्यतीत दुसरी येते. तिला जरा शिकवा."

सगळे हसले. काळाठिक्कर धुरकटकाका पावसात निथळत आत आला आणि त्याने विचारलं, "मुंग्यांचं सांगितलंत ना? माझ्या नावासकट?"

"सांगितलं हो, सांगितलं."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी आत्या मुद्दाम उशिरा उठली. कुणी आपली वाट बघत नाही हे बघायची घाई कुणाला असते? ती शेडपाशी आली तर सगळे कप हातात घेऊन उभे, आणि भांडत.

"आत्या, बरं झालं आलात," साचेवाली म्हणाली. "काका म्हणतात धूर सरळ आहे. मला वाकडा दिसतोय."

"थोडा वाकडा चालतो," धुरकटकाका म्हणाला.

"चालतो कसा? मग वाकड्याची खूण काय उपयोगाची?" मालक म्हणाला. "आणि मिठाला पाणी सुटलंय, ते मी स्वतः बघितलं."

"बरणीचं झाकण तुम्हीच उघडं ठेवलंत रात्री," सूनबाई म्हणाली.

सगळे आत्याकडे वळले. आत्याने खुर्चीकडे बघितलं. गुडघ्याशी कधी कुणी वाद घातला नव्हता. तो काय बोलला ते बोलला. आता प्रत्येक मुंगीसाठी पुरावा द्यावा लागणार होता, चालत जाऊन बघावं लागणार होतं, आणि चुकलं तर ते आपल्याच नावावर पडणार होतं. हा सौदा काही तिला तितकासा फायद्याचा वाटला नाही. पण सगळे थांबले होते.

"चला, दाखवा कुठे वाकडा आहे तो," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे झपाझप निघाली. धूर बघितला. वारूळ बघितलं. पाकोळ्यांवरून काकाशी दोनदा हमरीतुमरी झाली. शेवटी तिने आभाळाकडे बघून मान हलवली. "उघडं ठेवा. आज काही नाही."

माणसं ताडपत्र्या काढायला वळली. साचेवाली वाकली आणि "स्स्स" करून पुन्हा उभी राहिली.

"काय झालं?" मालकाने विचारलं.

"काही नाही हो. खांदा. सकाळपासून ठणकतोय."

ताडपत्र्या जिथल्या तिथे थांबल्या. धुरकटकाकाच्या हातातलं फावडं थांबलं. सगळ्यांचे डोळे साचेवालीच्या खांद्यावर जाऊन बसले. मालकाने तर नकळत मानसुद्धा खाली घातली. साचेवालीने एकेकाचा चेहरा बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवीनच रुबाब चढायला लागला.

आत्याने डोळे बारीक केले.

"कुठला खांदा?" तिने विचारलं.

"उजवा."

"उजव्याला काही कळत नसतं," आत्या म्हणाली. "काढा रे ताडपत्र्या!"

आणि सगळे कामाला लागल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, तिने साचेवालीच्या कोपराला धरून तिला बाजूला घेतलं.

"चांगला डॉक्टर आहे माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "उद्याच जाऊ या."